व्हिएन्ना ते बुडापेस्ट : न थांबता ओलांडल्या जाणाऱ्या सीमांची पार्श्वभूमी

मध्य युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं म्हटलं की मार्ग जवळपास ठरलेलाच असतो. प्राग, ब्रनो, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट. चार देश आणि तीन चलनं. वाटेत कुणी हात दाखवून गाडी थांबवलीच, तर ते नशीब. व्हिएन्नाहून बुडापेस्ट साधारण २४० किलोमीटर. ऑस्ट्रियाचा ए-४ महामार्ग निकेल्सडोर्फला संपतो आणि पलीकडे हेग्येशहालोमपाशी हंगेरीचा एम-१ सुरू होतो. सीमेवर जुन्या तपासणी नाक्याच्या खुणा, वेग कमी करायला सांगणाऱ्या पाट्या, कडेला विसाव्याला उभे ट्रक आणि बारा ताऱ्यांच्या निळ्या फलकावर पुढच्या देशाचं नाव दिसतं. देश बदलल्याची पहिली वर्दी बहुतेकांना मोबाइल कंपनीच्या मेसेजमुळेच मिळते.

हे पाहून युरोप पहिल्यापासून असाच मोकळाढाकळा असावा, असा समज सहज होतो. पण या रस्त्यावरची मोकळीक आजच्या स्वरूपात २००७ सालची आहे, आणि ज्या रेषा आपण ओलांडतो त्यांतल्या बऱ्याचशा आंतरराष्ट्रीय सीमा म्हणून जेमतेम शंभरीच्या आहेत. मधल्या काळात याच रेषांवर काटेरी तारा होत्या, सुरुंग होते, आणि माणसं मारलीही गेली.

१९१८ पर्यंत हा सगळा टापू एकाच सम्राटाच्या अमलाखाली होता. ऑस्ट्रिया आणि हंगेरी ही हबसबुर्ग साम्राज्याची दोन अंगं. प्रत्येकाची संसद वेगळी, सरकार वेगळं, पण दोहोंमध्ये जकात नाही. आजचं ब्रातिस्लावा तेव्हा जर्मन बोलणाऱ्यांसाठी प्रेसबुर्ग आणि हंगेरियनांसाठी पोझोन्य होतं. तुर्कांनी बुडा घेतल्यावर हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक १५६३ पासून १८३० पर्यंत इथल्याच सेंट मार्टिन चर्चमध्ये होत. १९१४ साली व्हिएन्ना आणि प्रेसबुर्ग यांच्यात विजेवर चालणारी रेल्वे सुरू झाली. दोन्ही टोकांना ती ट्रामसारखी थेट शहरात शिरायची. या गाडीचा मार्ग आज सीमेच्या अलीकडे वोल्फ्सथाल या ऑस्ट्रियन गावात संपतो. रूळ तिथं का थांबले, याचं उत्तर पुढच्या तीन दशकांत आहे.

पहिलं महायुद्ध हरल्यावर साम्राज्य फुटलं. सप्टेंबर १९१९ मध्ये सेंट-जर्मेनचा तह ऑस्ट्रियाशी झाला, तर ४ जून १९२० रोजी ट्रियानॉनचा तह हंगेरीशी. हंगेरीच्या हातून जवळजवळ दोन तृतीयांश भूभाग गेला. त्या तहाची बोच तिथल्या राजकारणात अजून आहे. प्रत्येक भाषिक समूहाला त्याचा देश, हे तत्त्व ऐकायला सरळ वाटतं, पण नकाशावर रेघ ओढायला बसलेल्यांनी भाषेइतकाच विचार रेल्वेचाही केला. चेक-ऑस्ट्रिया सीमा बरीचशी जुनीच, मोराव्हिया आणि खालच्या ऑस्ट्रियामधली. तरी वाल्तित्से हे गाव नव्याने जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियाला दिलं गेलं, कारण झ्नोयमो-ब्रेत्स्लाव्ह लोहमार्ग तिथून जात होता. ग्म्युंड शहराचंही तेच झालं. रेल्वे स्थानक आणि कारखान्याचा भाग चेकोस्लोव्हाकियाला गेला, आणि मूळ शहर ऑस्ट्रियात राहिलं.

हंगेरीच्या पश्चिमेची जर्मनभाषक पट्टी ऑस्ट्रियाला मिळाली. हाच आजचा बुर्गेनलांड प्रांत. त्याची राजधानी म्हणून शोप्रोन हे शहर स्वाभाविक होतं, पण हंगेरियन सशस्त्र टोळ्यांनी ताबा द्यायला विरोध केला. शेवटी इटलीच्या मध्यस्थीने १४ ते १६ डिसेंबर १९२१ या दिवसांत शोप्रोन आणि आसपासच्या काही गावांत सार्वमत झालं. सुमारे ६५ टक्के मतं हंगेरीच्या बाजूने पडली. शहराने हंगेरी निवडली. आजूबाजूच्या गावांचा कौल मात्र एकूण ऑस्ट्रियाकडे होता, पण मोजणी एकत्र झाली. मतदारयाद्यांत घोळ झाल्याची तक्रार ऑस्ट्रियाने केली, तिचा उपयोग झाला नाही. बेळगावचा सीमाप्रश्न ऐकत वाढलेल्या वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की तिथं निदान मतपेटी तरी आली. आज नकाशात बुर्गेनलांड शोप्रोनपाशी कंबर आवळल्यासारखा अरुंद दिसतो, तो या सार्वमतामुळे. प्रांताची राजधानी मग आयझेनश्टाटला गेली. शोप्रोनमध्ये आता दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या ठिकठिकाणी जर्मन भाषेत दिसतात. ऑस्ट्रियातून लोक स्वस्तात दात करून घ्यायला सीमेपलीकडे येतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर या भागात एक विचित्र रस्ता आखला गेला. व्हिएन्नाहून ब्रेस्लाउला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, जाणारा जर्मन महामार्ग थेट चेकोस्लोव्हाकियाच्या भूमीतून न्यायचा, आणि त्या पट्ट्यावर अंमल जर्मनीचा, असा करार, म्यूनिक करारात सीमेलगतचा प्रदेश हिटलरला द्यावा लागल्यानंतर दबलेल्या प्रागकडून १९३८ च्या अखेरीस करून घेण्यात आला. काही महिन्यांतच सगळा प्रदेशच जर्मनीने गिळला. बांधकाम १९४२ मध्ये थांबलं. ब्रनोच्या उत्तरेला झाडीत या रस्त्याचे अर्धवट पूल अजून उभे आहेत.

१९४८ नंतर कम्युनिस्ट पूर्व आणि पश्चिम युरोप यांच्यात पोलादी पडदा पडला, तो याच वाटेवर. चेकोस्लोव्हाकियाने ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवर उच्च दाबाची वीज खेळवलेलं कुंपण घातलं. स्पर्श झाला की मृत्यू. दिये नदीकाठच्या चिझोव्ह गावात कुंपणाचा एक तुकडा पहारा-मनोऱ्यासह जपून ठेवलाय. झ्नोयमोहून वाट वाकडी करून तो जरूर पाहावा. ब्रातिस्लावाजवळ मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते तिथला देवीनचा किल्ला पर्यटकांचा आवडता, पण समोरचा काठ ऑस्ट्रियाचा असल्याने नदीकाठचा हा सगळा भाग तेव्हा तारांनी बंद होता. पोहून जाण्याच्या प्रयत्नात मेलेल्यांचं स्मारक किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. डॅन्यूबच्या दुसऱ्या तीरावर पेट्रझाल्का उपनगरात हजारो फ्लॅटच्या काँक्रीट इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या खिडक्यांतून ऑस्ट्रियातली शेतं दिसत, जाता मात्र येत नसे.

हंगेरीच्या बाजूला १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले, त्यांतले बहुसंख्य ऑस्ट्रियात. दलदलीतल्या कालव्यावर आंदाऊ गावाजवळ शेतकऱ्यांसाठी लाकडी पूल होता. हजारो निर्वासित त्यावरून आले. २१ नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याने तो उडवला. पूल पुन्हा बांधला गेला चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये.

सत्तरच्या दशकापर्यंत हंगेरीने सुरुंग काढून विजेवर चालणारी इशारा-यंत्रणा बसवली. तारेला धक्का लागला की चौकीत घंटा वाजायची. ती बहुतेक वेळा हरीण, ससे, पक्षी यांच्यामुळे वाजे. ऐंशीच्या दशकात यंत्रणा गंजली आणि दुरुस्तीला लागणारी न गंजणारी तार पश्चिमेकडून परकीय चलन मोजून आणावी लागणार होती. त्यातच १ जानेवारी १९८८ पासून हंगेरियन नागरिकांना जगभर चालणारा पासपोर्ट मिळू लागला. मग लोकांची व्हिएन्नाकडे रीघ लागली. मारिआहिल्फर श्ट्रासे या बाजाररस्त्याला थट्टेने ‘मॅग्यारहिल्फर’ म्हणू लागले (मॅग्यार म्हणजे हंगेरियन). लाडा आणि त्राबांट गाड्यांच्या टपावर दोरीने आवळलेले गोरेन्ये कंपनीचे फ्रीझर घेऊन लोक रांगेने परतत. आपलीच माणसं खुशाल ये-जा करतात, तर मोडकं कुंपण सांभाळायचं कुणासाठी? पंतप्रधान मिक्लोश नेमेत यांनी त्याच्यासाठी पैसेच ठेवले नाहीत. सीमा उघडण्यामागे स्वातंत्र्याची ओढ होतीच, पण माझ्या मते खर्चाच्या वहीचाही त्यात मोठा हात होता, आणि समारंभी भाषणांत तो सांगितला जात नाही.

२ मे १९८९ रोजी तारा काढायला सुरुवात झाली. २७ जूनला हंगेरीचे परराष्ट्रमंत्री ग्युला होर्न आणि ऑस्ट्रियाचे आलोइस मोक यांनी शोप्रोनजवळ कात्रीने तार कापल्याचा फोटो जगभर गेला. गंमत म्हणजे तोवर बरंचसं कुंपण निघालेलं होतं आणि फोटोसाठी तार शिल्लक असलेली जागा पाहावी लागली होती. पण तो फोटो पूर्व जर्मनांनी पश्चिमेच्या टीव्हीवर पाहिला. त्यांना हंगेरीत सुट्टीला येण्याची मुभा होती, पुढे पश्चिमेत जाण्याची नव्हती. त्या उन्हाळ्यात बालाटन तलावाकाठी आणि बुडापेस्टमध्ये पूर्व जर्मनांचे तंबू वाढत गेले.

शनिवार, १९ ऑगस्ट १९८९. शोप्रोनजवळ शोप्रोनपुस्ता इथं विरोधी गटांनी ‘अखिल युरोपीय सहल’ भरवली. शेवटच्या ऑस्ट्रियन सम्राटाचे पुत्र ओटो फॉन हबसबुर्ग आणि हंगेरीतले सुधारणावादी मंत्री इम्रे पोझ्गाय हे तिचे आश्रयदाते. जुन्या प्रेसबुर्ग रस्त्यावरचं लाकडी फाटक दुपारी तीन तास उघडायचं, दोन्हीकडच्या पाहुण्यांनी ये-जा करायची, एवढाच अधिकृत कार्यक्रम. पण जर्मन भाषेतली पत्रकं, फाटकाच्या नकाशासह, पूर्व जर्मनांच्या छावण्यांत पोचली होती. तीनच्या सुमारास रस्त्यावर जमाव आला, तो पाहुण्यांचा नव्हता. बायका-मुलांसह आलेल्या पूर्व जर्मनांनी फाटक ढकललं आणि ते पळत सुटले. तिथल्या पहाऱ्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल आर्पाद बेला यांच्याकडे मूठभर माणसं होती आणि वरून स्पष्ट हुकूम नव्हता. त्यांनी गोळी चालवू दिली नाही. त्या दुपारी ६०० हून अधिक लोक ऑस्ट्रियात पोचले. त्यांच्या गाड्या मागे रस्त्याकडेलाच राहिल्या.

ही गोष्ट इथंच संपवण्याची पद्धत आहे, पण दोनच रात्रींनी याच सीमेवर आणखी दक्षिणेला झटापटीत हंगेरियन पहारेकऱ्याची गोळी लागून एक पूर्व जर्मन माणूस मेला. सरकारने पूर्व जर्मनांसाठी सीमा उघडली ती ११ सप्टेंबरला. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत पडली. १० डिसेंबरला ब्रातिस्लावाकर हजारोंच्या संख्येने ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्गला चालत गेले.

लगेच १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि एक नवी सीमा जन्माला आली. ब्रनो-ब्रातिस्लावा डी-२ महामार्ग १९८० मध्ये पूर्ण झाला तेव्हा तो देशांतर्गत होता. त्याच्या मधोमध आता पासपोर्ट दाखवायचा नाका आला.

शेंगेनची, म्हणजे सदस्य देशांमधली सीमातपासणी उठवणाऱ्या कराराची, सुरुवात मात्र या सगळ्यापासून दूर, ट्रकवाल्यांच्या संतापातून झाली. १९८४ च्या फेब्रुवारीत इटली आणि फ्रान्सच्या जकात कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे ट्रक सीमांवर अडकले, चालकांनी रस्तेच रोखले. त्याच वर्षी जर्मनी आणि फ्रान्सने आपसांतली तपासणी शिथिल करायचं ठरवलं. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी मोझेल नदीत उभ्या बोटीवर पाच देशांनी करारावर सह्या केल्या. अंमल सुरू व्हायला १९९५ उजाडलं. चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीच्या रस्त्यांवरचे नाके २१ डिसेंबर २००७ ला उठले. त्याआधी भारतीय पर्यटकाला या देशांसाठी शेंगेनचा व्हिसा पुरत नसे, प्रत्येकाचा वेगळा काढावा लागे. महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांच्या युरोप सहलींत प्राग-बुडापेस्ट आता सर्रास दिसतं, त्याला ही तारीख बरीच कारणीभूत आहे.

नाके गेल्यावर घरांचे भावही सीमा ओलांडू लागले. ब्रातिस्लावात घर परवडेना म्हणून स्लोव्हाक कुटुंबांनी हंगेरीतल्या राय्का गावात घरं घेतली आणि कामाला रोज राजधानीत जाऊ लागली. मोराव्हावर देवीन्स्का नोव्हा व्हेस आणि श्लोसहोफ यांच्यामध्ये २०१२ मध्ये सायकलपूल झाला. नावासाठी लोकांची मतं मागवली, तर पहिला आला हॉलिवूडचा चक नॉरिस. अधिकाऱ्यांनी निमूटपणे ‘स्वातंत्र्याचा सायकलपूल’ असं नाव ठेवलं.

पासपोर्ट विचारला जात नसला तरी पथकर विचारला जातो. प्रत्येक देशाचा महामार्ग परवाना, म्हणजे व्हिन्येट, वेगळा. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेकियात तो आता गाडीच्या नंबरावर ऑनलाइन नोंदला जातो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत मागाहून घरी येते. चलनाचंही तसंच. स्लोव्हाकियात २००९ पासून युरो, पण चेकियात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट.

२०१५ च्या उन्हाळ्यात सीरिया, अफगाणिस्तानातून निघालेले लोक याच एम-१ वरून पायी ऑस्ट्रियाकडे निघाले. त्याआधी २७ ऑगस्टला पार्न्डोर्फजवळ ए-४ च्या कडेला सोडलेल्या शीतवाहनात ७१ मृतदेह सापडले होते. सप्टेंबरात जर्मनीने आणि पाठोपाठ ऑस्ट्रियाने ‘तात्पुरती’ तपासणी सुरू केली, आणि ती दर सहा महिन्यांनी वाढत राहिली. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने ती सगळ्या भूसीमांवर लागू केली.

ऑस्ट्रिया-स्लोव्हेनिया सीमेवरच्या श्पीलफेल्डला २०१९ मध्ये एका प्रवाशाने पासपोर्ट दाखवायला नकार दिला. त्याला ३६ युरो दंड झाला आणि तो कोर्टात गेला. २६ एप्रिल २०२२ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नवा धोका दाखवल्याशिवाय अशी तपासणी सहा महिन्यांपलीकडे रेटता येत नाही. ऑस्ट्रियाने त्यानंतरही दर वेळी नवी कारणं देत ती चालूच ठेवली. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याने तो बुडापेस्टच्या हॉटेलात ठेवून ब्रातिस्लावा-व्हिएन्नाची चक्कर मारायला निघू नये.