इंग्रजीतील हास्यवाचक शब्द

हसण्याच्या तऱ्हा दाखवण्यासाठी इंग्रजीत वेगवेगळी क्रियापदे आहेत. मराठीत क्रियापद बहुधा ‘हसणे’ हेच राहते आणि तऱ्हा त्याच्या आधीच्या शब्दात येते : खुदकन, फिदीफिदी, खो खो, गालातल्या गालात. ‘खिदळणे’ हा ठळक अपवाद. इंग्रजीत मात्र गिगल, चकल, टिटर, स्निगर, गफॉ, कॅकल ही सारी स्वतंत्र क्रियापदे आहेत आणि तीच जशीच्या तशी नामे म्हणूनही चालतात.

पहिला फरक आवाजाचा. ‘स्माइल’ म्हणजे बिनआवाजाचे हसू, ‘लाफ’ म्हणजे आवाजासह हसणे. ‘ती माझ्याकडे बघून हसली’ या मराठी वाक्यात नेमके काय घडले ते संदर्भावरूनच कळते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला दोहोंपैकी एक निवडावेच लागते. ‘लाफ’ हा जुना जर्मानिक शब्द, जर्मन ‘लाखन’चे भावंड. त्याच्या स्पेलिंगमधल्या जी-एचचा उच्चार पूर्वी ‘ख’च्या जवळचा होता. पुढे ‘कफ’ आणि ‘इनफ’प्रमाणे इथेही त्याचा ‘फ’ झाला, स्पेलिंग मात्र जुनेच राहिले.

बाकीचे बरेचसे शब्द ध्वन्यनुकारी आहेत. गिगल, चकल, कॅकल यांच्या शेवटचा ‘ल’ आणि टिटर, स्निगर यांच्या शेवटचा ‘र’ पुन्हापुन्हा होणाऱ्या लहान हालचाली सुचवतो. ‘ट्विंकल’ आणि ‘फ्लटर’मध्येही तोच आहे. मराठी हेच काम अख्खा शब्द दोनदा म्हणून करते : फिदीफिदी, खी खी.

गिगल हे पोरकट किंवा संकोचाचे, आवरता न येणारे हसू. टिटर दबलेले, वर्गात कुणाची फजिती झाल्यावर मागच्या बाकांवरून येते तसे. स्निगरमध्ये कुत्सितपणा असतो. अमेरिकेत त्याचे ‘स्निकर’ हे रूप अधिक चालते. स्निकर्स चॉकलेटचा मात्र हसण्याशी संबंध नाही. ते नाव 1930 मध्ये मार्स कुटुंबाच्या घोड्यावरून पडले. कॅकल मुळात कोंबडीचे. माणसाच्या बाबतीत ते कर्कश हसणे, आणि गोष्टींतल्या चेटकिणी हमखास असेच हसतात. गफॉ स्कॉटिश वळणाचा शब्द; आपल्या सातमजली हास्याला जवळचा, पण त्याला थोडी गावंढळपणाची छटा आहे. चकलचा प्रवास उलटा झाला : सोळाव्या शतकात तो मोठ्याने हसण्यासाठी वापरत, आज तो गालातल्या गालात हसण्यापुरता उरला आहे.

चॉर्टल या शब्दाचा जन्म नेमका सांगता येतो. लुईस कॅरलने ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ (1871) मधल्या ‘जॅबरवॉकी’ या निरर्थ कवितेत तो घडवला. मुलाने राक्षस मारल्याचे कळताच बाप आनंदाने चॉर्टल करतो. चकल आणि स्नॉर्ट (नाकाने फुरफुरणे) यांचा हा जोड मानला जातो. अशा जोडशब्दांना त्याच पुस्तकातला हम्प्टी डम्प्टी दोन कप्प्यांच्या प्रवासी पेटीची उपमा देतो. कवितेतले बहुतेक शब्द कवितेतच राहिले; चॉर्टल मात्र कोशात गेला आणि बातम्यांतही दिसू लागला. खुशीत, जरा आत्मसंतुष्टपणे हसणे हा त्याचा आजचा अर्थ इतर कुठल्याच शब्दात नव्हता, म्हणूनच तो टिकला असावा.

लॅटिनमधून आलेला ‘कॅकिनेट’ (मोठ्याने, अनावर हसणे) आज पुस्तकी वाटतो. ‘होमरिक लाफ्टर’ हा शब्दप्रयोग ग्रीक महाकाव्यातून आला. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात लंगडत प्याले भरणाऱ्या हिफेस्टस या लोहारदेवाला पाहून देव हसत सुटतात. त्या हसण्याला होमरने लावलेले ‘न विझणारे’ हे विशेषण म्हणजेच ‘अ‍ॅस्बेस्टॉस’. पत्र्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे नावही तेच.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत : स्मित व हसित उत्तम पात्रांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. इंग्रजीत असे शास्त्र कुणी लिहिले नाही, तरी कादंबरीतली सरदारीण सहसा गफॉ करत नाही.

संगणकावरच्या गप्पांतून रूढ झालेले ‘एलओएल’ (मोठ्याने हसत आहे) 2011 मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात आले. ते टाइप करणारा बहुतेक वेळा हसतही नसतो.