पाय आधी, जमीन नंतर

सोलापूरपासून समुद्र जवळपास तीनशे किलोमीटर लांब. इथे ताजी मासळी म्हणजे उजनीची: चिलापी, कटला, मरळ आणि अधूनमधून मांगूर. हा मांगूर विक्रेत्याच्या घमेल्यातून निसटून फरशीवर पडला, तर दोन मिनिटं थांबून बघा. छातीच्या दोन्ही परांच्या पुढच्या कडेला त्याला एकेक टणक काटा असतो. एका बाजूचा काटा तो जमिनीला टेकवतो, शेपटीचा झटका देतो, अंग पुढे रेटतो. मग दुसऱ्या बाजूचा काटा. हवेतला प्राणवायू घेण्याची सोय त्याच्या अंगात असते, म्हणून ओल्या रानातून तो एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो.

मांगूर चालतो तो नाइलाजाने. समुद्राच्या तळाशी मात्र असे मासे आहेत, जे सभोवती पाणीच पाणी असताना रोज चालतात. मला ते फार मोलाचे वाटतात. मासे जमिनीवर आले आणि मग त्यांना पाय फुटले, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. हे मासे नेमकी उलटी गोष्ट सांगतात.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याला ‘लिटल स्केट’ नावाचा, आपल्या पाकटाच्या नात्यातला चपटा मासा आहे. अंगाचे पसरट पर न हलवता, पोटाखालच्या मागच्या परांवर तो डावं-उजवं करत तळावरून चालतो. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्याच्या मज्जारज्जूचा अभ्यास करून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. उंदराचे पाय हलवणाऱ्या चेतापेशी ज्या जनुकांच्या हुकमावर घडतात, तीच जनुकं स्केटमध्येही तेच काम करतात. या दोघांचे समान पूर्वज सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे पाऊल टाकण्याची जोडणी कुणीही किनाऱ्यावर येण्याच्या कितीतरी आधी तयार होती.

पाण्यात हे जमतं, कारण अंगाचा बराचसा भार पाणीच पेलतं. पाय नाजूक असला तरी भागतं.

कॅनडाच्या एल्समिअर बेटावर 2004 मध्ये सापडलेला ‘टिक्टालिक’चा जीवाश्म 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा. तो मासाच, पण त्याच्या परांत कोपर आणि मनगटासारखी हाडं आहेत. सोलापूर ज्या काळ्या दगडावर वसलंय, तो लाव्हारसातून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी घडला. आपल्या पायाखालची जमीन त्या मनगटाहून कितीतरी तरुण आहे!

‘सी रॉबिन’ या समुद्री माशाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या छातीच्या परांतले दोन्हीकडचे तीन-तीन काटे सुटे होऊन सहा पाय बनलेत. त्यांवर तो चालतो, वाळू उकरतो आणि चवही घेतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की त्याच्या एका जातीत या पायांवर बारीक उंचवटे असतात, त्यांत चव ओळखणारी यंत्रणा असते आणि वाळूत पुरलेलं भक्ष्य तो तिच्यावरून शोधतो. उंचवटे नसलेल्या दुसऱ्या जातीला असं उकरून शोधणं जमत नाही.

पण माझा जीव गुंततो तो ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या हँडफिशमध्ये. ठिपकेवाला हँडफिश जेमतेम 12 सेंटिमीटरचा, होबार्टजवळ डर्वेंट नदीच्या मुखाशी राहणारा. त्याला पोटात हवेची पिशवी नाही, त्यामुळे तो तळाशीच असतो आणि हातासारख्या परांवर सावकाश चालतो. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून अभ्यासक एकेक मासा ओळखतात. मादी तळाला चिकटलेल्या देठाच्या समुद्री जीवांभोवती अंडी घालते आणि राखत बसते. पिल्लं थेट चालती बाहेर पडतात. इतर माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर पांगतात, तसं यांचं होत नाही. जिथे जन्मली तिथेच आसपास राहतात. म्हणूनच एक जागा बिघडली की तिथली सगळी वस्ती धोक्यात येते.

जागा बिघडलीही. उत्तर पॅसिफिकमधून आलेल्या तारामाशाने अंडी घालायचे ते देठच खाऊन टाकले. 1996 मध्ये ठिपकेवाल्या हँडफिशची नोंद अतिधोक्यातल्या प्राण्यांत झाली. आता शास्त्रज्ञ त्याच्या अंड्यांसाठी चिनीमातीचे देठ तळात रोवतात. त्याचा भाऊबंद, लाल हँडफिश, याहून दुर्मीळ. 2024 च्या सुरुवातीला समुद्र तापू लागला, तेव्हा त्यातले 25 मासे काढून टाक्यांत सांभाळले गेले आणि उन्हाळा सरल्यावर बहुतेक पुन्हा समुद्रात सोडले.