कावड, बॅटरी आणि फिफ्टी-फिफ्टीचं खूळ

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो गाडीची बॅटरी हातात घेऊनच. "मामा, तुझा तो ताणकाटा आहे ना अजून?" काटा माळ्यावर होता. बॅटरी हुकाला टांगली, काटा बाराच्या रेघेवर थरथरत थांबला. हे १२ किलो त्याला बॉनेटखालून उचलून डिकीत टाकायचे होते. वर्षातून दोनदा तो चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर स्वतःची हॅचबॅक पळवतो. पुढचं-मागचं वजन 'फिफ्टी-फिफ्टी' झालं की गाडी वळणाला चिकटते, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

भरवणारा अगदीच चुकला नव्हता. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, असं आपण शाळेत शिकतो. लाकडी ठोकळा ते बऱ्यापैकी पाळतो, टायरचं रबर पाळत नाही. भार दुप्पट केला तर रबर आणखी दबतं, पण रस्त्याला खरोखर टेकणारी जागा दुप्पट होत नाही. पकड वाढते, पण भाराच्या मागे पडते. पुढच्या दोन टायरांवर ६२ टक्के वजन असेल तर वळणात रेटाही तेवढाच त्यांनीच द्यायचा, आणि ते आधी हात टेकतात. स्टिअरिंग वळवलेलं असतं, नाक मात्र सरळ जायला बघतं.

आता हिशोब. गाडी ९०० किलोची, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. बॅटरी पुढच्या आसाच्या आसपास होती, ती २.७ मीटर मागे नेली. १२ गुणिले २.७ भागिले २.४५, म्हणजे पुढचा भार साधारण १३ किलोंनी उतरला. ६२ टक्क्यांचे झाले साडेसाठ. फिफ्टी-फिफ्टी हे बिस्किटाचं नाव म्हणून ठीक आहे. पुढे इंजिन आणि पुढचीच चाकं ओढणारी, अशा गाडीत ते बॅटरीने येत नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. कावड आठवा. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन घागरी, खांद्यावर तोल बिनचूक, अगदी ५०-५०. सरळ रस्त्यावर काही त्रास नाही. बोळात झटकन वळायला गेलात की कावड वळतच नाही, आणि एकदा वळायला लागली की थांबत नाही. त्याच दोन घागरी दोन्ही कडेवर घेतल्या तर तोल तोच, वजन तेच, आणि तुम्ही गिरकीसुद्धा घ्याल. टक्केवारीला हा फरक दिसत नाही. तो दिसतो फिरण्याच्या जडत्वात. कॉलेजात त्याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, विश्वकोशी मराठीत निरूढी परिबल. वस्तुमान गुणिले केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग. सगळी गंमत त्या वर्गात आहे: अंतर दुप्पट, तर अडवणूक चौपट.

भाच्याच्या गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून ०.९३ मीटर मागे येतो. म्हणजे बॅटरी जुन्या जागी असताना १२ × ०.९३², साधारण १०. डिकीत गेल्यावर अंतर १.७७ मीटर, आणि आकडा ३७ च्या पुढे. (एकक किलोग्रॅम-मीटर वर्ग, कंटाळा आला असेल तर एवढंच बघा की साडेतीन पट झालं.) तोल सुधारला आणि गाडी वळवायला जड झाली! तीच बॅटरी शेजारच्या सीटखाली ठेवली असती तर आकडा एकाच्याही खाली, आणि पुढचा भार तरीही सहा किलो कमी. अख्ख्या गाडीचं जडत्व हजाराच्या घरात असतं, तेव्हा फरक दोन-तीन टक्क्यांचा. पण टक्केवारीसाठी जीव टाकणाऱ्याने हेही टक्के मोजावेत.

१९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्ये कंपनीनेच बॅटरी डिकीत ठेवली होती, असं भाचा म्हणाला. खरं आहे. पण त्या गाडीचं इंजिनच पुढच्या आसाच्या मागे सरकवलेलं होतं. जड घागर आधी कडेवर घेतली, मग लहानसा तोल बॅटरीने साधला. उलट पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे, साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर, आणि तरी ती पिढ्यान्पिढ्या शर्यती जिंकते आहे. जाता जाता, बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीचा एक परिणाम मात्र मी सिद्ध करून देऊ शकतो: केंद्रापासून सर्वांत लांब असल्याने ती गाडीचं जडत्व वाढवते.

डिकीत बॅटरी म्हणजे वायरिंगही आलं. सेल्फ मारताना २०० ॲम्पिअर सहज ओढले जातात. चार मीटरची १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल त्यात पाऊण व्होल्टहून जास्त खाते. ५० ची टाकली तर पाव व्होल्टच्या थोडं वर, पण नुसतं तांबंच पावणेदोन किलो. फ्यूज बॅटरीला लागूनच हवा, नाहीतर ती केबल पत्र्याला घासली की वेल्डिंग सुरू. आणि साधी लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्याला बाहेर जायला नळी हवी. यात काटकसर नको.

"पण ट्रॅकवर जाताना डिकी रिकामी करतोस ना?" मी विचारलं. करावीच लागते, सुटी वस्तू चालत नाही. स्टेपनी, जॅक, पाना, सगळं काढतो. स्टेपनी काट्याला लावली: १४ किलो, तीही मागच्या आसाच्या मागे. कागदावर पुन्हा मांडलं. स्टेपनी काढल्यावर पुढचा भार ६३.३ टक्के. त्यात बॅटरी मागे नेली की ६१.८.

तो आकड्याकडे बघत राहिला. "मामा, मग स्टेपनी घट्ट बांधून आतच ठेवू का?"