फारकत (मराठवाडा)

फारकत : पंचांच्या साक्षीने, बहुधा बाँडवर लिहून, नवरा-बायकोने एकमेकांना मोकळे करण्याची रीत आणि तसा कागद. शब्द फारसी ‘फारिग-खती’वरून आला, जुन्या दप्तरांत देणे फिटल्याच्या कागदालाही फारखत म्हणत. मराठवाड्यात काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्दही ओळखीचे आहेत, पण ‘फारकत झाली’ म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे मिटले असे वाटते. बहुतेकदा कायद्याने काहीच मिटलेले नसते. घटस्फोट, पोटगी आणि मुलांच्या ताब्याविषयी या भागातले लोक वकिलाला जे विचारतात, त्यातले पुष्कळसे या गैरसमजातूनच आलेले असते.

बैठक मुलीच्या माहेरी किंवा गावच्या पारावर बसते. दोन्हीकडची चार-पाच जाणती माणसे, सोयरीक जमवणारा मामा, जमल्यास पोलीस पाटील. लग्नात दिलेली भांडी, कपाट, गादी टेम्पोत भरून परत येतात. डोरले-जोडव्यांचा हिशेब होतो. ठरलेली रक्कम पंचांसमोर मोजली जाते. मजकूर साचेबंद असतो : विचार जुळत नाहीत, राजीखुशीने वेगळे होत आहोत, पोटगी मागणार नाही, दोघांनी कुठेही लग्न करावे. खाली सह्या, अंगठे आणि नोटरीचा गोल शिक्का. पूर्वी हे शंभराच्या बाँडवर भागे. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात पाचशेचा लागतो. शिक्का पाहून कागद कोर्टाचा वाटतो, पण नोटरी सही कोणाची एवढेच पाहतो. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याआधी मुंबई प्रांतात १९४७ चा घटस्फोट कायदा होता, पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर राहिला. अनेक जातींत मात्र काडी मोडून वेगळे होणे आणि नंतर पाट किंवा म्होतूर (पुनर्विवाह) लावणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. १९५५ च्या कायद्याने ही वाट बुजवली नाही. कलम २९ नुसार रूढीने मिळणारा घटस्फोट आजही ग्राह्य आहे. अट एवढीच की त्या जातीत अशी रूढी जुनी, अखंड आणि एकसारखी आहे हे पुराव्यानिशी सिद्ध झाले पाहिजे. ‘आमच्यात चालतं’ एवढ्यावर न्यायालय थांबत नाही, आणि बहुतेक कागद इथेच अडतात.

अडले की परिणाम गंभीर होतात. पहिले लग्न कायम मानले जाते, म्हणून दुसरे निरर्थक ठरते, आणि द्विविवाहाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरीला नवरा वारल्यावर पेन्शनच्या कागदावर विधवा म्हणून उभे राहता येत नाही. तिची मुले मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे औरस मानली जातात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानुसार आईबापाच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्श्यातही त्यांना वाटा आहे.

दोघांची खरोखर संमती असेल तर फारकतीपेक्षा त्याच कायद्याच्या कलम १३-ब ची, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाची, वाट बरी. वर्षभर वेगळे राहिलेले असावे. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी दुसरी तारीख. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पंचांनी लिहिलेला तोच मजकूर, पोटगी सोडल्याची ओळ वगळून, सहमतीच्या अटी म्हणून अर्जाला जोडता येतो. अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा. ते जिथे नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायकोला स्वतः राहते तिथल्या न्यायालयात दावा करता येतो. नवरा चाकणला कंपनीत असला तरी जालन्याच्या माहेरी आलेल्या मुलीला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते, दिवाणी न्यायालयाच्या निकालाविरुद्ध आधी जिल्हा न्यायालयात. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये. लग्न न मोडता वेगळे राहण्याची न्यायिक विभक्तताही कायद्यात आहे, पण इकडे ती क्वचितच कोणी मागते.

पोटगी सोडल्याची ओळ हा फारकतीतला सर्वांत मोठा सापळा. आईने सही केली म्हणून मुलांची पोटगी बुडत नाही. बायकोची अडचण निराळी : आपसांत ठरवून वेगळे राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) म्हणते, आणि नवऱ्याचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. म्हणजे त्या कागदाने घटस्फोट तर मिळत नाही, वर पोटगीचा वाद उभा राहतो. रीतसर घटस्फोट झालेल्या बाईला मात्र पुन्हा लग्न करेपर्यंत हा हक्क आहे.

ऊसतोडीच्या पट्ट्यात याला आणखी पदर आहेत. बीड, धाराशिवकडे मुकादम उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडपे. जोडपे फुटले की उचल कोणाच्या अंगावर, हा बैठकीतला पहिला प्रश्न असतो, पोटगी नंतर. दिवाळीच्या आसपास टोळ्या सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जातात आणि समन्स गावातल्या बंद दारावरून परत येते. कमाईचा कागद नसतो, म्हणून ‘मला काहीच उत्पन्न नाही’ असे सांगणे सोपे जाते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. थकबाकीचा वसुली अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. तारखा चुकवत गेल्यास जुने महिने हातचे जातात.

याच पट्ट्यात अठराच्या आत मुलींची लग्ने होतात. अशा मुलीला घटस्फोट मागण्याची गरजच नसते : २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने वीस वर्षांची होईपर्यंत तिला लग्न रद्द करून मागता येते, आणि तरीही ती पुन्हा लग्न करेपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. तिचे मूलही औरसच राहते.

मुस्लिम कुटुंबांत तलाक (नवऱ्याने दिलेला), खुला (बायकोने मागितलेला), मुबारात (दोघांच्या संमतीचा) हे मार्ग आहेत. तलाकला सबळ कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न हवा आणि नवऱ्याने ते सिद्ध करायला हवे, हे औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये लातूरच्या एका प्रकरणात सांगितले होते. एका दमातला तिहेरी तलाक २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरला आणि २०१९ पासून गुन्हा आहे. बौद्धांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. किनवटच्या गोंड, कोलामांना तो आपोआप लागू होत नाही, कारण कायद्याने अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. बंजाऱ्यांची गंमत अशी, की महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत येतात आणि पलीकडे तेलंगणातल्या आदिलाबादेत अनुसूचित जमातीत. सीमेपलीकडे सोयरीक असेल तर कोणता कायदा, इथपासूनच वाद सुरू होतो.

मुलांच्या बाबतीत पंचांचा शब्द ‘पोरगं बापाचं, पोरगी आईची’ असा असतो. कायद्यात असे काही नाही. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे. त्यानंतर फक्त मुलाचे हित पाहिले जाते, आणि जाणत्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारू शकतात. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क मिळतो. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाटून देण्याची रीत आहे. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. तो कुठे मागायचा, हे मूल सध्या राहते कुठे यावर ठरते. शाळेतून परस्पर टी.सी. काढून मूल दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यामागे पुष्कळदा हाच हिशेब असतो.

घटस्फोटाने बायको वारस राहत नाही, मुले राहतात. ‘मुलांचा जमिनीत हक्क नाही’ असे आईकडून लिहून घेतले तरी अज्ञान मुलाचा स्थावर हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईला सोडता येत नाही. वीस वर्षांनी बाप वारतो, वारसनोंद निघते, आणि सावत्र भाऊ पेटीतून जपून ठेवलेला बाँड तलाठ्यापुढे ठेवतो. त्या नोंदीतून पहिल्या बायकोच्या मुलाचे नाव त्या कागदाने गळत नाही.