रंगीत पाणलावा

रंगीत पाणलावा (शास्त्रीय नाव रोस्ट्राटुला बेंगालेन्सिस) हा दलदल, लव्हाळे, पाणकणसे आणि भातखाचरांच्या आडोशाने राहणारा २३ ते २८ सेंमी लांबीचा पक्षी आहे. आफ्रिका, मादागास्कर, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशियापासून जपानपर्यंत तो आढळतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले. दिसायला साध्या पाणलाव्यासारखा असला तरी त्याचे जवळचे नाते कमळपक्ष्यांशी (पाण्यावरच्या पानांवरून चालणाऱ्या लांब बोटांच्या पक्ष्यांशी) आहे.

या जातीत मादी मोठी आणि रंगाने उठावदार असते. तिची मान व छाती गडद तांबूस, डोळ्याभोवती पांढरा पट्टा आणि छातीच्या बाजूने खांद्यावर चढणारी पांढरी पट्टी. नर करडा-तपकिरी, डोळ्याभोवतीचा पट्टा पिवळसर, पंखांवर सोनेरी ठिपके. पिल्ले मोठी झाली की नरासारखीच दिसतात. त्यामुळे थव्यातले सगळे फिके पक्षी नर समजून मोजले, तर नोंद चुकते.

मादीची श्वासनलिका लांब आणि वळसे घेतलेली असते. त्यामुळे संध्याकाळी व रात्री ती रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा घुमणारा ‘ऊक्, ऊक्’ असा आवाज काढते. नराची श्वासनलिका सरळ असते.

पक्षी दिसावा म्हणून गवतात शिरू नये. चाहूल लागताच तो जागीच थिजतो आणि अगदी पायाशी आल्यावरच उडतो: जड उड्डाण, लोंबते पाय, थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात. साधा पाणलावा कर्कश ओरडत नागमोडी उडतो. फरक ओळखायला एवढे पुरते. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर काठावर निश्चल बसावे. तेव्हा तो उघड्या चिखलात येतो आणि शेपटीकडचा भाग वरखाली हलवत, चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत किडे, गांडुळे, गोगलगायी व बिया टिपतो.

विणीत प्रियाराधन मादी करते. घरट्यात साधारण ४ अंडी घातली की ती दुसरा नर शोधते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे नराकडे. धोका जवळ आला तर तो पंख पुढे पसरून, शेपूट फुलवून फुत्कारतो. घरटे म्हणजे ओल्या जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी किंवा बांधावर केलेली काड्यांची पातळ गादी. अंडी पिवळसर, त्यांवर काळपट डाग. उबवण्याच्या काळात पाण्याची पातळी चढली तर ती बुडतात; उतरली तर कुत्री व मुंगुसे चालत घरट्यापर्यंत पोचतात. बांधावरचे गवत कापताना घरटे दिसले, तर भोवतालचा गवताचा पट्टा तसाच सोडावा. आडोसा गेल्यावर कावळ्यांना अंडी लगेच दिसतात.