चारशे गेमवाला डबा की आर३६एस?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरला पैठण गेटाकडं हातात धरायचा व्हिडिओ गेम मागितला, की बहुतेक वेळा 'सप' लिहिलेला, चारशे गेमचा रंगीत डबा पुढं येतो. ऑनलाइन शोधलं तर तसाच दिसणारा आर३६एस सापडतो, पण कितीतरी महाग. दोन्ही उभे, वर स्क्रीन, खाली बटणं, आणि मारिओ दोन्हींवर पळतो. मग वरचे पैसे कशाचे?

सपमध्ये एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, नसतोच. १९८३ साली जपानात निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम हा गेमचा डबा आला; त्याच्या सर्किटची नक्कल इथं एका चिपमध्ये कोंबलेली असते. नव्वदच्या दशकात आपल्याकडं टीव्हीला जोडायचे ते कॅसेटवाले गेम, त्याच घराण्यातला हा डबा. त्यामुळं ८ बिटच्या, म्हणजे त्या फॅमिकॉमच्या जमान्यातल्या साध्या गेमच्या पुढं त्याची उडी नाही. गेम आतच पक्के भरलेले असतात, नवा टाकायला सोय नाही. चारशेचा आकडाही फुगवलेला: यादीत खाली जाल तसा तोच गेम वेगळ्या नावानं, वेगळ्या लेव्हलपासून परत भेटतो. अर्ध्यात बंद केला तर उद्या पुन्हा पहिल्यापासून.

आर३६एस म्हणजे खिशातला लिनक्स कॉम्प्युटरच. आरके३३२६ प्रोसेसर, १ जीबी रॅम, साडेतीन इंची ६४०×४८० स्क्रीन. जुनं मशीन आत नसतं, त्याचं सोंग सॉफ्टवेअर घेतं. बहुरूप्यासारखं, मशीन बदललं की सोंग बदललं. म्हणून इथं 'गेम किती' हा प्रश्नच चुकीचा. कुठल्या मशीनपर्यंत झेपतं, ते विचारा. जुन्या मशीनांपैकी सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आरामात. पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही छान चालतात. पार्लरमध्ये तासावर पैसे मोजून खेळलेला टेकन ३ इथं अडखळत नाही. निन्टेंडो ६४ आणि पीएसपी (हातात धरायचं प्लेस्टेशन) यांचे मात्र निवडूनच खेळावे लागतात. 'प्लेस्टेशन २ पण चालतंय की' असं कुणी म्हणालं तर तो थापा मारतोय, खुशाल उठा. स्क्रीन ४:३ असल्यानं टीव्हीवरचे जुने गेम तिच्यात नीट बसतात. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला वर-खाली काळी पट्टी राहते. आणि आईनं जेवायला हाक मारली तर सेव्ह स्टेट करून उठायचं, परत आल्यावर तिथूनच पुढं.

डोकेदुखी आहेच. सोबत येणारं मेमरी कार्ड हलक्या दर्जाचं असतं; ते बिघडायच्या आत सगळं चांगल्या कार्डावर उतरवून घ्या. त्यात भरून येणारे हजारो गेम मालकांच्या परवानगीनं दिलेले नसतात, हेही माहीत असू द्या. आर३६एसचेही डुप्लिकेट निघालेत: खोका तोच, आतला बोर्ड वेगळा, आणि मूळ मशीनसाठीचं आर्कओएस (मशीन चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम) त्यावर जसंच्या तसं चालत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलनं चार्ज झालं नाही तर घाबरू नका, जुन्या चपट्या यूएसबीची केबल लावा.

सपची एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्यात बहुधा बीएल-५सी बॅटरी असते, नोकिया ११०० मधली. ती तालुक्याच्या कुठल्याही मोबाइल दुकानात मिळते आणि झाकण काढून आपल्याच हातानं बदलता येते. सात-आठ वर्षांचं लेकरू दोन महिन्यांत आपटून फोडणार असेल, तर सपच घ्या. स्वतःला खेळायचं असेल तर दुकानात डबा हातात घेऊन आधी कडा बघा. मेमरी कार्डाची खाच दिसली नाही तर दुकानदार 'एम्युलेटरवाला' म्हणो की आणखी काही, तो चारशेवालाच समजा आणि भावही तसाच करा.