यकृताच्या गाठीतील संप्रेरकांची खूण

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरील एखाद्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की फिकट निळ्या पेशींच्या गर्दीत कित्येकदा तपकिरी रंगलेली केंद्रके दिसतात. हा तपकिरी रंग म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राही प्रथिन, म्हणजे त्या संप्रेरकाचा संदेश पेशीत घेणारे प्रथिन, तेथे असल्याची खूण. तिच्यावरून टॅमॉक्सिफेनसारखी, इस्ट्रोजेनला अडवणारी गोळी उपयोगी पडेल का, हे डॉक्टर ठरवतात. यकृताच्या गाठीसाठी मात्र ही तपासणी नेहमीच्या यादीत नाही. वास्तविक यकृताच्या पेशींतही इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन (पुरुष-संप्रेरक) या दोन्ही संप्रेरकांचे ग्राही असतात, आणि विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या कर्करोगात त्यांचा वाटा मोठा आहे.

हा कर्करोग पुरुषांमध्ये स्त्रियांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. पुरुषांमधील दारू-तंबाखूचे प्रमाण हे त्याचे एक कारण आहेच, पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू, ज्याच्या आजाराला आपल्याकडे अनेकजण पांढरी कावीळ म्हणतात, तो पेशीच्या केंद्रकात शिरून तिथेच ठाण मांडतो. त्याची जनुके चालू करणाऱ्या भागात अँड्रोजेनचा ग्राही नेमका बसेल अशी जागा असते. तो तेथे बसला की विषाणूच्या प्रती वाढतात, आणि विषाणूचे एक्स नावाचे प्रथिन उलट त्या ग्राहीचेच बळ वाढवते. दोघे एकमेकांना खतपाणी घालतात, असे म्हटले तरी चालेल. इस्ट्रोजेनचा अल्फा ग्राही याच्या नेमके उलट वागतो: विषाणूला लागणारे यकृतातील एक प्रथिन तो अडवून धरतो आणि विषाणूचे काम मंदावते. २०१२ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात फॉक्सए१ आणि फॉक्सए२ ही दोन प्रथिने यकृतातून काढून टाकली, तेव्हा नर-मादीतील हा फरक चक्क उलटला आणि माद्यांनाच जास्त गाठी झाल्या. संप्रेरकाइतकेच त्याला साथ देणाऱ्या प्रथिनांनाही महत्त्व असते, हे त्यातून कळले.

यावरून कोणालाही वाटेल, की इस्ट्रोजेनचा ग्राही आढळला म्हणजे रुग्णाचे पुढचे भवितव्य बरे. तसे नाही, आणि मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. इटलीतील एरिका व्हिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही गाठींमध्ये या ग्राहीचे एक तुटके रूप सापडले. त्याच्या जनुकावरून बनणाऱ्या संदेशात, म्हणजे आरएनएमध्ये, पाचवा तुकडा गळालेला असल्यामुळे संप्रेरक जिथे बसायचे ती जागाच या ग्राहीत नसते, पण डीएनएला चिकटणारा भाग मात्र शाबूत असतो. कुलूपच नसलेल्या दारासारखे ते सतत उघडे राहते. संप्रेरक असो वा नसो, पेशीला आदेश मिळतच राहतात. अशा रुग्णांची गाठ अधिक वेगाने वाढते आणि आयुर्मान कमी भरते, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. हे रूप गाठ होण्याआधी, जुनाट यकृतदाहाच्या टप्प्यावरही आढळले आहे.

टॅमॉक्सिफेन याच ठिकाणी अडते. ते मूळ ग्राहीच्या संप्रेरक-जागेवर बसून काम करते. जागाच नसेल तर बसणार कुठे? यकृताच्या कर्करोगाच्या सुमारे ५०० रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इटालियन चाचणीत या औषधाने आयुष्य वाढले नाही. त्या चाचणीत ग्राही पाहून रुग्ण निवडलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. साध्या तपकिरी रंगावरूनही खरे आणि तुटके रूप वेगळे काढता येईलच असे नाही. त्यासाठी ऊतीतील आरएनए तपासावा लागतो.

अँड्रोजेनच्या ग्राहीबाबत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. रोगाच्या सुरुवातीला तो गाठीला मदत करतो, तर पुढच्या टप्प्यावर तिचा प्रसार रोखू शकतो, असे उंदरांतील प्रयोग सांगतात.

अडचण आणखी एक आहे. सिऱ्होसिस (यकृत व्रणांनी निबर होणे) झालेल्या रुग्णात सीटी स्कॅन किंवा एमआरआयमधील चित्र पुरेसे स्पष्ट असेल, तर सुई घालून तुकडा काढलाच जात नाही, कारण त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. तुकडा नाही, म्हणजे ग्राही पाहायला ऊतीच नाहीत. म्हणून निफाडहून वडिलांना घेऊन आलेला मुलगा जेव्हा "डॉक्टर, किती दिवस?" असे विचारतो, तेव्हा डॉक्टरांपुढे गाठींची संख्या आणि आकार, यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेत गाठ शिरली आहे का, यकृताचे काम दाखवणारे रक्तातील बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन किती, आणि रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आला की खुर्चीत बसून, एवढेच असते. शस्त्रक्रियेत गाठ निघाली, तर तिचा मेणात जपलेला ठोकळा प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे टिकतो. ग्राहीचे ते तुटके रूप आजही त्यात शोधता येऊ शकते, आणि अशा जपलेल्या ठोकळ्यांची तपासणी व्हावी असे मला मनापासून वाटते.